बारवीच्या पाण्यापलीकडून आलेली हाक

आमच्या घरात भूत, अंगात येणं, नजर लागणं... यातलं काहीच चालायचं नाही. बाबांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून दारासमोरच लावल्या होत्या. कोणी उतारा-बितारा म्हटलं की ते नुसतं तिकडे बोट दाखवायचे. मीही तसाच. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तरी माझी हरकत नाही. पण आधी माझी चूक सांगावी लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. ती मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

साल २००५. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑफिसर होतो, राहायला अंबरनाथ पश्चिमेला. आई गेल्यावर बाबा उल्हासनगर कॅम्प पाचमधलं घर सोडून आमच्याकडे आले होते. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कंपनीत कोणाला काही कळायचं नाही... आणि मीही कधी कळू दिलं नव्हतं. बाबांचं उलट. फोन उचलला तरी 'जय भीम', दूधवाल्यालाही 'जय भीम'.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या पाण्याला लागून कोणीतरी चार लाकडी केबिन बांधल्या होत्या. टीव्ही नाही, मोबाइलला रेंज नाही. पायरीवर बसायचं आणि पाणी बघायचं, एवढाच कार्यक्रम. आमच्या मॅनेजरांनी टूम काढली — आम्ही तिघा ऑफिसरांनी त्यांच्याबरोबर दोन दिवस तिथे राहायचं. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. बाबांना एकटं ठेवता येईना, म्हणून सोबत घेतलं. वाटेत म्हटलं, "बाबा, तिथे फक्त नमस्कार म्हणा. प्लीज."

"का रे? लाज वाटते?"

"तसं नाही हो... ऑफिसची माणसं आहेत."

ते खिडकीबाहेर बघत बसले.

गेटवरच मॅनेजरांनी विचारलं, "हे कोण?"

बाबांच्या हातात माझी बॅग होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे कामाला असतात. चहापाण्याला बरे, म्हणून आणलं."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मॅनेजरांना म्हणाले, "नमस्कार साहेब. बॅगा कुठे ठेवू?"

दोन्ही दिवस त्यांनी ते निभावलं. दुपारी चार वाजले की पायरीपाशी येऊन विचारायचे, "साहेब, चहा आणू का?" मलाच. सगळ्यांसमोर. आणि मी म्हणायचो, "हो, आणा." जेवायला ते मागे केअरटेकरबरोबर बसले. मॅनेजर म्हणाले, "माणूस झकास मिळालाय तुम्हाला. आम्हाला द्या की!" सगळे हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. पुढच्याच वर्षी ते हार्ट अटॅकने गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं, पण एक वाक्य जमलं नाही. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालंय.

२००७च्या जानेवारीत मी एकटाच त्या केबिनवर गेलो, चार दिवसांसाठी. घरी सांगितलं, आराम हवाय. खरं म्हणजे मला त्याच पायरीवर बसून माफी मागायची होती.

पहिल्या दुपारी, चारच्या ठोक्याला, पाण्यापलीकडून आवाज आला.

"साहेब... चहा आणू का?"

बाबांचाच. शेवटचा 'का' जरा वर ओढलेला. पलीकडे पाहिलं तर नुसती झाडी. केअरटेकर तोच होता, दामूदादा. त्याला विचारलं, पलीकडे कोण राहतं?

"पलीकडं? कोन नाय. तिकडं वाटच नाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. मी कानात बोटं घातली. आवाज बारीक झाला. म्हणजे तो माझ्या डोक्यात नव्हता, बाहेरच होता... हे लक्षात आलं आणि मी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या केबिनमध्ये एक सिंधी जोडपं आलं. कॅम्प दोनमध्ये त्यांचं फर्निचरचं दुकान. चांगली माणसं, गप्पा मारत बसली. मी हो-नाही करत होतो, लक्ष सगळं घड्याळाकडे. चार वाजले. हाक आली. बाई बोलता बोलता थांबल्या.

"भैया, वो सामने अंकल आपको बुला रहे हैं ना?"

नवऱ्याने डोळ्यांवर हात धरला. "हां, सफेद शर्टवाले. चाय का पूछ रहे हैं. आपके कोई हैं क्या?"

मला कोणीच दिसत नव्हतं. शप्पथ सांगतो, फक्त झाडी.

"आपके कोई हैं क्या?"

याच प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आलो होतो. दोन वर्षं घोकत होतो. आणि मी म्हणालो, "नहीं... पहचान के नहीं हैं."

का म्हणालो? परक्या माणसाने विचारलं की माझी जीभ तशीच वळायची, इतक्या वर्षांची सवय...

"अरे, चले भी गए," बाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मी तीनपासून गुडघाभर पाण्यात उभा होतो. चार झाले. साडेचार झाले. काहीच नाही. मग मीच ओरडायला लागलो — "बाबा! ओ बाबा!" घसा फुटेपर्यंत. ते जोडपं बाहेर येऊन बघत राहिलं. दामूदादा धावत आला.

"साहेब, कोनाला बोलावताय?"

"माझ्या वडिलांना. मागे माझी बॅग घेऊन आले होते ना... ते नोकर नव्हते. माझे वडील होते."

तो काठावरच उकिडवा बसला. मग म्हणाला, "ठावं हाय मला. जेवताना सांगितलं व्हतं त्यांनी. म्हनले, पोरगा हाय माजा, मोठा साहेब झालाय. पन कोनाला बोलू नको."

त्या जोडप्याला पलीकडे कोण दिसलं, वाट नसलेल्या काठावर तो माणूस कुठून आला आणि मलाच का दिसला नाही... मला आजही सांगता येत नाही. अंधार पडेपर्यंत मी पाण्यातच उभा होतो. पलीकडून पुन्हा काही आलं नाही.