एका घरापुरतं खातं

माझा दादा चष्म्याच्या काचा घासतो. दुकानात पुढे गिऱ्हाइकं, आरसे, लखलखाट. हा मागच्या खोलीत, मशीनपाशी, पाण्याच्या बारीक धारेखाली काच धरून उभा. दिवसभर कुणाशी अक्षर बोलायला नको. जन्मतःच तोंडात मिठाची गुळणी धरून आलेला माणूस, त्याला काम अगदी साजेसं मिळालं.

वहिनी होती तोवर निभावलं. ती दोघांच्या वाटचं बोलायची. लेक नोकरीसाठी लांब गेला. त्याचा फोन आला की दादा "बरा आहेस ना? थांब, आईला देतो" म्हणून मोकळा. वहिनी गेली आणि फोन द्यायला घरात कुणी उरलं नाही. बापलेक भांडले असते तरी एक वेळ बरं होतं, निदान चार शब्द तरी झाले असते. इथे काहीच झालं नाही. फोन कमी कमी होत बंदच पडले.

टीव्हीवरचं सिनेमांचं खातं वहिनीनेच दादाच्या नंबरवर काढलेलं. त्यात तिघांच्या नावाचे तीन चौकोन. एकदा दादाने चुकून लेकाचा चौकोन उघडला आणि त्याला लेक सापडला! कुठला सिनेमा अर्धा सोडला, कुठली मालिका एका दमात संपवली, सगळं तिथे दिसत होतं. मी खालच्याच मजल्यावर राहते. संध्याकाळी वर गेले की मला ताज्या बातम्या मिळायच्या.

"स्वयंपाकाचं बघतोय. हाताने करून खात असणार."

"बरेच दिवस काही बघितलं नाही गं त्याने. आजारी असेल का?"

"अरे मग फोन कर की! बोटं झिजणार आहेत का तुझी?"

"करून बोलू काय?"

माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईचा हा सख्खा भाऊ! कपाळ माझं! दादा मग लेकाने बघितलेलंच सगळं बघायचा. मगरी म्हणू नका, केकच्या स्पर्धा म्हणू नका. लेक जिथे थांबला, तिथेच हा टीव्ही बंद करून जेवायला उठायचा.

मग कंपनीने कुलूप घातलं. एक खातं, एक घर. दुसऱ्या गावातल्या टीव्हीवर बघायचं तर कोड लागणार, तो दादाच्या फोनवर येणार आणि थोड्याच वेळात बाद होणार. कंपनीचं तरी काय चुकलं म्हणा. एकाने पैसे भरायचे आणि सगळ्या गोतावळ्याने फुकट बघायचं, तर सिनेमा करणाऱ्यांनी काय वारा पिऊन जगायचं? पण मी म्हटलं, एवढी एक फट होती दादाला, तीही बुजली.

झालं भलतंच. लेकाचा फोन आला. दादा फोन कायम स्पीकरवर घेतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "बाबा, तुम्हाला एक कोड आलाय, सांगता?" दादाने सहा आकडे घडाघडा सांगून टाकले, लेकाने "ठीक" म्हणून ठेवून दिला. आणि मग हा असा काही हळहळला की हसावं की रडावं ते मला कळेना.

पुढच्या वेळी मात्र पठ्ठ्या तयार होता. "थांब हं, चष्मा शोधतो." चष्मा नाकावरच! मग तिकडे थंडी पडली का, घर हवेशीर आहे का, पाठ दुखायची ती थांबली का. मध्ये खोकत, एकेक आकडा सांगत, शेवटपर्यंत येता येता कोड बाद. "अरेरे, गेला वाटतं. परत मागव बरं." मी तोंडावर हात धरून हसत होते. इतका लबाड माझा भाऊ, आणि मला जन्मभर पत्ता नाही.

दर खेपेला असंच चाललं. लेकाने याचा अर्थ काय लावावा? एक दिवस त्याने मलाच फोन केला.

"आत्या, बाबांना साधे आकडे वाचता येत नाहीत. तेच तेच विचारतात. डॉक्टरांना दाखवशील का? आणि मी आता माझं वेगळं खातं काढलंय. त्यांना उगाच त्रास नको. तसं सांगितलंय मी त्यांना."

माझं डोकंच सणकलं. "अरे शहाण्या, केसाएवढा ओरखडा काचेवर दिसतो त्याला, आणि आकडे दिसत नाहीत? मुद्दाम करत होता तो. तू फोन ठेवू नयेस म्हणून करत होता!"

तो "ठेवतो, आत्या" म्हणाला आणि ठेवला. मी माझ्याच जिभेला शिव्या घातल्या. आता लाजून लेक कायमचा गप्प बसला तर?

वर गेले तर दादा टीव्हीसमोर. लेकाचा चौकोन उघडाच होता.

"आता तो काय बघतो ते कळायचं नाही," दादा म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी मी बघतेय तोच दादा स्वतःच्या टीव्हीवर खात्यातून बाहेर पडला आणि परत आत शिरायला लागला. नव्याने शिरायचं तर कोड लागतोच, तो त्याच्या फोनवर आला. मला वाटलं, काहीतरी चुकीचं बटण दाबलं. पण त्याने फोन उचलून लेकाला लावला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा, आपणहून.

"कोड आलाय," तो म्हणाला. "लिहून घे."

मी डोळे मिटले. आता लेक म्हणणार, मला नको आता, बाबा.

"सांगा," लेक म्हणाला.

दादाने सहाही आकडे सांगितले. लेकाने ते परत म्हणून दाखवले. मग दोघांनाही बोलायला काही सुचेना. पण फोन कुणीच ठेवला नाही.