पासवर्ड बरोबरच आहे, मॅडम!

आमच्या धंद्यात दोन गोष्टी न मागता जमतात. एक जुन्या केबल्स आणि दुसरे पासवर्डचे किस्से. केबल्स निदान भंगारवाला नेतो! किस्से मात्र डोक्यात साठतात आणि चार माणसं चहाला जमली की बाहेर पडतात.

मी आणि माझा पार्टनर मंगेश. अलिबागच्या आमच्या छोट्याशा ऑफिसातून आसपासचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. शाळा, दवाखाने, रिसॉर्ट, सगळीकडचे. फोन उचलला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं, "पासवर्ड बरोबरच आहे, मॅडम. मशीनच घेत नाही!"

*

नागावच्या एका होम-स्टेवाल्या काकांचा फोन आला. "म्याडम, कीबोर्ड मेला बघा. पासवर्ड टाकतंय, पन कायच उमटत न्हाय!"

मी म्हटलं, "काका, त्या स्क्रीनवर पासवर्ड उमटतच नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. कोणी बघू नये म्हणून. तुम्ही टाका आणि एंटर मारा."

काम झालं. पुढे कधीतरी मी तिकडे गेले, तर काकू ऑफिसच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसलेल्या.

"काय हो काकू, इथे का?"

"आत ह्ये पासवर्ड टाकतायत. मला भायेर काढलंय. जे उमटतच न्हाय, त्ये मी बघनार तरी कसं?"

*

तळा गावातल्या एका शाळेतले सर. पासवर्ड विसरले म्हणून मंगेशने नवा करून दिला आणि फोनवर एकेक अक्षर सांगितलं. मध्ये 'ॲट द रेट' होतं.

सर्व्हर घेईना. सर चिडले. "तुम्ही सांगितलं तसंच टाकतोय!"

"सर, ॲट द रेट नीट टाकलंत ना?"

"अहो, स्पेलिंगसुद्धा इंग्रजीच्या मॅडमकडून तपासून घेतलंय!"

*

एका रिसॉर्टचा मॅनेजर.

"पासवर्ड कोणी बदलला का?"

"हो मॅडम, आम्हीच. सोमवारच्या मीटिंगमध्ये नवा ठरवला. सगळ्या स्टाफला कळवला."

"आणि सर्व्हरला?"

*

चौलच्या एका डॉक्टरबाईंचं प्रकरण जरा गंभीर होतं. केबिनमधल्या लॅपटॉपवरून तोच पासवर्ड चालत होता, पण सर्व्हरसमोर बसून टाकला की नकार! बाहेर पेशंट रिपोर्टसाठी ताटकळलेले.

मंगेश म्हणाला, "टायपिंग चुकत असेल."

बाई कडाडल्या, "डॉक्टरांचं अक्षर वाईट असतं, टायपिंग नाही!"

शेवटी मी तो पासवर्ड मुद्दाम युजरनेमच्या जागी टाकला. तिथे अक्षरं दिसतात ना! ॲट द रेटची कळ दाबली, तर उमटलं अवतरणचिन्ह! सर्व्हरवर कोणीतरी ब्रिटिश कीबोर्डची सेटिंग ठेवली होती. ती बदलली, सर्व्हर उघडला, रिपोर्ट निघाले. पासवर्ड आता सगळ्यांनी वाचला होता, म्हणून तोही बदलला.

बाई म्हणाल्या, "म्हणजे इंग्रज गेले आणि कीबोर्ड इथेच ठेवून गेले?"

मंगेश डोकं खाजवत म्हणाला, "पण डॉक्टर, चौलला तर पोर्तुगीज होते!"

*

हाच मंगेश एकदा एका पतपेढीत अडकला. घाईत बऱ्याचदा चुकीचा पासवर्ड टाकला, मग खरा आठवला. पण एव्हाना सर्व्हरने खातं लॉक केलं होतं. आता बरोबर पासवर्ड दिला तरी उत्तर एकच, चूक! वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता.

घरी जाऊन त्याने बायकोला तावातावाने सांगितलं, "बरोबर सांगूनसुद्धा ऐकत न्हाय म्हणजे काय!"

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बराबर हाय त्याचं. आधी वाट्टेल त्ये बोलायचं आनि मग गोड बोललं की लगेच दार उघडायचं व्हय?"

*

आणि हा किस्सा रेवदंड्याच्या बाजूचा. मासळीचं कोल्ड स्टोरेज. मालक दामूशेठ. सर्व्हर बसवला होता त्यांच्या मुलाने, निलेशने. तो मर्चंट नेव्हीत, तेव्हा कुठेतरी भर समुद्रात.

सकाळी लाईट गेली आणि आली. सर्व्हर चालू झाला, पण टेम्पो आत-बाहेर सोडायचे गेटपास काढणारा प्रोग्राम काही सुरू होईना. तो सुरू करायला ॲडमिनचा पासवर्ड हवा, आणि शेठकडचा पासवर्ड सर्व्हर घेईना. निलेशने जाण्याआधी बदललेला असणार. बाहेर मासळीचे टेम्पो रांगेत उभे. बर्फाचं पाणी गटारापर्यंत पोचलेलं.

मी म्हटलं, "शेठ, रिसेट करून देते. पण त्यासाठी सर्व्हर पुन्हा बंद करावा लागेल."

"बंद न्हाय करायचा! आतल्या कोळंबीची थंडी पन त्योच सांभाळतो!"

निलेशला मेसेज टाकला आणि आम्ही अंदाज लावत बसलो. निलेशची आई पुढे आली. "माझं नाव टाक गो. पोरगा माझाच हाय."

टाकलं. चूक.

निलेशची बायको प्राजक्ता दाराशी उभी होती. लाजत म्हणाली, "माझं बघता का?"

टाकलं. चूक.

सासूने सुनेकडे बघितलं. सुनेने सासूकडे. मग दोघींनी मिळून माझ्याकडे! दामूशेठ हळूच टेम्पो मोजायला बाहेर निघून गेले.

तेवढ्यात फोन वाजला. निलेश, बोटीवरून! मी घाईघाईने स्पीकर चालू केला.

"निलेश, ॲडमिनचा पासवर्ड काय ठेवलायस? लवकर सांग, मासळी खोळंबलीय!"

"सांगतो मॅडम. तिथे आई हाय का?"

"आहे."

"आनि प्राजक्ता?"

"तीही आहे."

पलीकडे निलेशचा आवाज एकदम खाली आला.

"मॅडम," निलेश म्हणाला, "तुम्ही रिसेटच करा!"