कुलूप आणायला चाकणपर्यंत

माझ्या हातांनी झालेल्या गोष्टी आधी सांगतो. वर्कशॉपची पाच टनी प्रेस, घरचा गोल जिना, सासऱ्यांची चाकाची खुर्ची आणि हरवलेल्या चाव्यांच्या जागी कानशीने घडवलेल्या एकशे नऊ चाव्या. दहावी नापास, कुणी शिकवलं नाही. म्हणूनच शेजारच्या बाबूआण्णांनी कुलूप आणायला मला सोबत नेलं.

आण्णांचं गाव चाकणजवळ. त्यांच्या घरात गावच्या धान्यकोठाराची वीतभर लोखंडी चावी आहे. कुलूप मात्र पणजोबांच्या काळात गोऱ्या साहेबाने कडी तोडून, बंदचं बंद, विलायतेला नेलं. दर खंडेनवमीला चावीला तेल, झेंडू आणि एकच नियम: तिला कानस लावायची नाही. आता तिकडच्या संग्रहालयाला जुन्या अन्यायाची भरपाई करायची होती. कुलूप परत देण्याचा सोहळा चाकणच्या हॉटेलात.

युरोपला व्हिसा लागतो, युरोपची माफी बघायला दुचाकी पुरते. चिखलीहून तळवडे, देहूचा फाटा डावीकडे सोडून इंद्रायणीचा पूल. पेट्रोल शंभराचं. शिफ्ट सुटताना मात्र निघू नका; कंपनीच्या बसमागे अडकलात की विलायत जवळ वाटते.

हॉलमध्ये एसी इतका, की आण्णांनी उपरणं कानावर घेतलं. व्यासपीठावर संग्रहालयाच्या बाई बोलत होत्या. माफी चाळीस मिनिटं चालली.

"काय म्हनत्यात?" आण्णांनी विचारलं.

"चूक झाली म्हणतात."

"कंची?"

"तिथवर अजून आल्या नाहीत."

मग मखमलीवर कुलूप आलं. आण्णांनी पिशवीतून चावी काढली. ते उघडलेलं बघायचं म्हणून हा माणूस ब्याऐंशी वर्षं थांबला होता. चावी निम्मी गेली आणि अडली. टाळ्या तोवर वाजून गेल्या होत्या.

मी कुलूप हातात घेतलं. वजन कमी. गंज रंगवलेला. खिशात मापं घ्यायचा व्हर्निअर असतोच. स्क्रूचे आटे मोजले, आजच्या मशीनचे निघाले. पुण्याहून आलेल्या संयोजकाला म्हटलं, "भाऊ, या कुलपाला अजून वर्ष झालं नाही."

त्याने मला बाजूला घेतलं. "अहो, ओरिजिनल तिकडेच आहे. इथली हवा त्याला मानवणार नाही. ही हुबेहूब प्रत. करारात लिहिलंय."

"बाहेरून हुबेहूब. आतून?"

"आत कसं बघणार? चावी नव्हती ना त्यांच्याकडे."

मागून आलेले आण्णा ऐकत होते. म्हणाले, "इथल्याच हवंत घडलं व्हतं की त्ये."

परतीला मोशीच्या रस्त्याने आलो. मिसळ ऐंशी रुपये, रस्सा पुन्हा मागा, देतात. आण्णांनी कुलूप मांडीवरून खाली ठेवलं नाही. "आलंय तर ऱ्हाऊ दे राव. गोठ्याला लावू. याची चावी तू कर." दोन दिवसांत केली, एकशे दहावी. गोठा आता विलायती बंदोबस्तात आहे.

जुनी चावी कोनाड्यात होती तशीच आहे. खऱ्या कुलपाच्या आत काय आहे हे जगात फक्त तिला ठाऊक.

एक राहिलं. तिथून निघताना संयोजक हॉटेलच्या दारापर्यंत आला होता. त्याचं म्हणणं, जुन्या चावीचे दोन दात घासायचे, फोटोपुरती ती प्रतीत फिरली पाहिजे, कानस तो देणार. मी नाही म्हणालो. पंच्याहत्तर हजार रुपये देत होता.