पांढरीतला डबा

‘‘एकही नाही?’’ सूर्यवंशी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले.

‘‘एकही नाही,’’ मी म्हणालो. सकाळपासून तिसऱ्यांदा.

मी सर्व्हेअर. लातूरला कोचिंग क्लासेसच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. माझ्याकडे येणारा माणूस सहसा बांधाचं भांडण घेऊन येतो, नाहीतर प्लॉटचा नकाशा. हे गृहस्थ पुण्याहून एक डबा शोधायला आले होते, आणि त्यांच्याकडे दोन दिवस होते. रविवारी ते बायको-मुलीसह कॅनडाला निघणार होते, कायमचे.

डब्याची भानगड आधी सांगतो, कारण मलाही ती त्याच दिवशी कळली. जगभरचे हौशी लोक घट्ट झाकणाचा एखादा डबा कुठेतरी लपवतात. आत एक वही ठेवतात. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका साइटवर टाकतात. त्या नोंदीला लिस्टिंग म्हणतात आणि डब्याला जिओकॅश. दुसरे हौशी लोक लिस्टिंग डाऊनलोड करतात, जीपीएस घेऊन डबा शोधतात, वहीत सही करतात आणि डबा होता तिथे ठेवून परत येतात. ऐकल्यावर मला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, एवढंच.

सूर्यवंशींची मुलगी हा खेळ खेळायची. तिच्याकडून तो तिच्या आजोबांनी उचलला. आजोबा म्हणजे सूर्यवंशींचे वडील, भूगोलाचे निवृत्त गुरुजी. ते गेल्या वर्षी वारले. नंतर मुलगी एकदा जेवताना सहज म्हणाली, ‘‘आजोबांनी आपल्या गावच्या घरात एक डबा ठेवलाय.’’

‘‘गावात आमचं घर नाही,’’ सूर्यवंशी मला म्हणाले. ‘‘भूकंपात गेलं. आई त्यातच गेली. मी तेव्हा इथे लातूरला होस्टेलवर होतो, अकरावीला. बाबा नोकरीच्या गावी, निलंग्याला. त्यानंतर बाबा घराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी दोनदा जाऊन आलो. सगळीकडे वेड्या बाभळी. आमचं घर नेमकं कुठे होतं, हे मला सांगता येत नाही हो. त्या डब्याच्या नोंदीत ते असणार.’’

ते ऐकल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.

गावाला आपण बेलवाडी म्हणू. सर्च बॉक्समध्ये मी बेलवाडी टाकलं. मुलीचं खातं होतं, लॉगिन झालं, नकाशा उघडला, पण डबा काही दिसेना. मग लक्षात आलं की नकाशा नव्या बेलवाडीवर उघडलाय. भूकंपानंतर गावं उठून तीन-चार किलोमीटरवर वसली आणि नावं तीच राहिली. नव्या गावांची आखणी करणाऱ्यांत मी होतो, माझी ती पहिली नोकरी, आणि तरी मीच हे विसरलो. मग जुन्या गावाभोवती मोठं वर्तुळ टाकलं. औशाच्या किल्ल्याजवळ एक डबा निघाला, उदगीरला एक. बेलवाडीत काही नाही. आजोबांनी साइटवर कोणतं टोपणनाव घेतलं होतं ते नातीलाही माहीत नव्हतं, आणि साइटला मेल केला तर उत्तर यायला आठवडा.

निदान सापडलेल्या याद्या तरी छापून घेऊ म्हणून आम्ही खाली नसीम आपांकडे गेलो.

आपांचं नेट कॅफे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर. आधी तिथे त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. क्लासेस वाढले, पोरं वाढली, तशी आपांनी टाइपरायटर काढून कॉम्प्युटर मांडले. प्रवेशाचे फॉर्म, हॉल तिकिटं, निकाल, सगळं त्यांच्याकडे. निकालाच्या दिवशी साइट बसते तेव्हा सगळ्या गल्लीत फक्त आपांचा प्रिंटर चालू असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामागे काय डोकं आहे ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

‘‘इंजिनेर साहेब, नावानं कशाला शोधून राहिले? निकालाच्या दिवशी नावानं शोधलं तर पन्नास गणेश पाटील निघत्यात.’’

‘‘आपा, नंबर असता तर नंबरने शोधलं असतं.’’

‘‘डबा कधी ठेवलेला?’’

‘‘चार-पाच वर्षं झाली असतील,’’ सूर्यवंशी म्हणाले.

‘‘आणि ठेवणारा?’’

‘‘गेले. माझे वडील.’’

आपा म्हणाल्या, ‘‘मग नाव कापलं असंल त्याचं.’’

त्यांनी साइटचे नियम उघडले आणि टायपिंगच्या परीक्षेचा उतारा वाचावा तसे वरपासून खालपर्यंत वाचले. मी सकाळपासून ते पान उघडलंही नव्हतं. नियम असा होता : डबा जागेवर आहे का, अशी विचारणा मालकाला होते. बरेच दिवस उत्तर आलं नाही, की नोंद बंद करतात. बंद नोंद सर्चमध्ये येत नाही. यादीसोबत तिची फाईलही उतरत नाही. पण पान पुसलं जात नाही, ते साइटवर पडून असतं.

गुरुजींना विचारणा झाली असणार, आणि उत्तर द्यायला गुरुजी नव्हते.

‘‘आता यादीतच नाही म्हटल्यावर कसं शोधणार?’’ मी म्हणालो.

‘‘अवो, पोरगं बॅचमधून गेलं, की क्लासवाले म्हणत्यात, असा कुणी आमच्याकडं नव्हताच. मग त्याचा बाप माझ्याकडं येतो. मी काय करते? त्याच्या बाकावर कोन बसायचं ते विचारते.’’

औशाचा डबा त्यांनी उघडला. खाली तो ज्यांना सापडला त्यांचे शेरे होते. आपा एकेक वाचत गेल्या. हैदराबादच्या कुणा इंजिनीअरने लिहिलं होतं : आजचा माझा तिसरा डबा. आपांनी बोट ठेवलं.

‘‘हा लांबून आला. एका दिवसात तीन केले. औसा एक, उदगीर धरला तर दुसरा. तिसरा कुठला?’’

त्यांनी त्या माणसाच्या नावावर क्लिक केलं. त्याने आजवर शोधलेल्या सगळ्या डब्यांची यादी उघडली. त्या तारखेला तीन नोंदी. दोन साध्या. तिसरीवर आडवी रेघ मारलेली. नाव मराठीत होतं : आमचं घर.

कॅफेत फॉर्म भरायला आलेली पोरं होती, प्रिंटर खडखडत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षं मी हद्दीचे हरवलेले दगड शोधतोय. एक दगड मिळेना तर शेजारच्या दगडांवरून मोजत यायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. तो मला या बाईने शिकवला, आणि तिने आयुष्यात मोजणीची साखळी धरलेली नाही.

आपांनी पान उघडून दिलं आणि खुर्चीवरून उठल्या. सूर्यवंशी बसले. पानावर चारच ओळी होत्या.

‘इथे आमचं स्वयंपाकघर होतं. जमिनीत पुरलेलं उखळ अजून जागेवर आहे. डबा त्याच्या उगवतीला. येणाऱ्याने घाई करू नये.’

सूर्यवंशींनी ते कितीदा वाचलं मला माहीत नाही. मागे एक मुलगी हॉल तिकिटासाठी उभी होती. आपांनी तिला हातानेच थांबायला सांगितलं.

गावाच्या जुन्या जागेवर फोनला रेंज नसते. म्हणून आपांनी पान जसंच्या तसं छापून हातात दिलं. अंक वाचून दाखवले आणि म्हणाल्या, ‘‘आकडा समजून घ्यायचा न्हाई साहेब. जसा हाय तसाच टाकायचा. टायपिंगला आलेल्या हरेक पोरीला मी हेच सांगितलंय.’’

‘‘हो हो,’’ मी म्हणालो. सर्व्हेअरला आकडे शिकवतात, मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. औसा सोडल्यावर सूर्यवंशींनी रस्त्यात शेवंतीची फुलं घेतली. जुन्या बेलवाडीच्या अलीकडे जीप लावली आणि जीपीएसच्या बाणामागे चालू लागलो. बाभळी चुकवत, एक ओढा ओलांडून, बाण शून्यावर आला. बांधाजवळची मोकळी जागा होती. उखळ दिसेना.

‘‘कुणीतरी उचलून नेलं असेल,’’ मी ठामपणे म्हणालो. ‘‘जागा हीच. माझं यंत्र पाच मीटरच्या वर चुकत नाही.’’

सूर्यवंशी खाली बसले. फुलं ठेवली. हात जोडले आणि मग एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. मी लांब जाऊन उभा राहिलो.

शेजारच्या हरभऱ्यातून एक म्हातारी आली. हातात विळा.

‘‘काय हुडकायलाव?’’

‘‘मावशी, ह्यांचं घर होतं इथे. भूकंपाच्या आधी.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘‘हितं? हितं घर कसं आसंल? ही काळी हाय. पांढरी वड्याच्या पल्याड.’’

मी खाली बघितलं. बुटाला काळी चिकट माती लागली होती. आमच्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि गाव वसलेलं असतं ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती मिसळून ती पांढुरकी होते. हे शेंबड्या पोराला कळतं. मी यंत्राकडे बघत चाललो होतो, पायाखाली नाही.

खिशातून आपांचा कागद काढला. आणि चूक दिसली.

सर्व्हेवाले अंश, मिनिटं, सेकंद असे आकडे लिहितात. साइटवर तसं नसतं. तिथे मिनिटांनंतर दशांश चिन्ह असतं. कागदावर ३.४२५ मिनिटं होती. म्हणजे तीन मिनिटं आणि साडेपंचवीस सेकंद. मी हाताच्या सवयीने टाकलं तीन मिनिटं, साडेबेचाळीस सेकंद. रेखांशातही तेच. दोन्ही मिळून पाऊण किलोमीटरची चूक. छापलेलं बरोबर होतं. मी ते समजून घेतलं होतं.

गप्प बसता आलं असतं. माणसाचं समाधान झालं होतं, जीप उभी होती. तो परवा कॅनडात असणार होता. पण तो एका परक्या शेताला आई समजून हात जोडून बसला होता, आणि तिथे त्याला मी बसवलं होतं.

‘‘सूर्यवंशी,’’ मी म्हणालो, ‘‘माझी चूक झाली. हे तुमचं घर नाही.’’

त्यांनी वर बघितलं. मी कागद दाखवून सगळं सांगितलं. ते मला काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फुलांकडे बघून मावशींना विचारलं, ‘‘ही उचलू का?’’

‘‘ऱ्हाऊ द्या की,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या रानाला कुणी वाहिली हुती फुलं?’’ आणि विळा कमरेला खोचून आमच्या पुढे चालू लागली.

या वेळी मी आकडे कागदावर होते तसेच टाकले, दशांश चिन्हासकट. ओढ्यापलीकडे माती बदलली. बाण शून्यावर यायच्या आधीच सूर्यवंशी थांबले. गवतात उखळ होतं. कडा झिजून गुळगुळीत झालेली, आत एक वाळलेलं पान. ते गुडघ्यांवर बसले आणि उखळात हात घातला, पार मनगटापर्यंत. मग उगवतीच्या बाजूचे दगड काढले. डबा होता.

वहीत पहिल्या पानावर हैदराबादच्या इंजिनीअरची सही होती. खाली गुरुजींचं वळणदार अक्षर. एक तारीख आणि तीन शब्द : आलो. बसलो. गेलो. पुढच्या वर्षीही तीच नोंद. त्याच्या पुढच्या वर्षीही.

‘‘दर थंडीत बाबा नांदेडला मित्राकडे जातो म्हणायचे,’’ सूर्यवंशी म्हणाले. ‘‘मी स्वतः एसटीत बसवून द्यायचो.’’

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. तारीख घातली. लिहिलं : आलो. बसलो. पुढचा शब्द लिहिला नाही. पेन परत दिलं.

आम्ही दोन तास तिथे होतो. मावशींनी हरभऱ्याचे डहाळे आणून दिले. मी शांत बसलो. घाई करू नये, असं लिहिलंच होतं.

बंद झालेली नोंद पुन्हा उघडता आली नाही. म्हणून लातूरहून निघायच्या आधी सूर्यवंशींनी मुलीच्या खात्यावर त्याच जागेची नवी नोंद केली, गुरुजींच्या त्याच चार ओळी ठेवून. टाइप करायला अर्थात आपा बसल्या. मी अक्षांश वाचून दाखवायला कागद हातात घेतला, तर त्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला.

‘‘तुमी चहा सांगा साहेब,’’ त्या म्हणाल्या.

मी चहा सांगितला. तेव्हापासून मोजणीच्या कुठल्याही साइटवर पोचलो, की आधी खाली माती बघतो आणि मग यंत्र चालू करतो.