एकोणऐंशी वर्षांचं शेंडेफळ

माझ्या सासूबाई, थाक शिनोक, घरात इकडची काडी तिकडे करत नसत. प्यायचं पाणीसुद्धा हातात द्यावं लागे. पण ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी त्या पहाटे उठून साठ मांडू वळायच्या आणि मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. उत्तरेकडचे मांडू ते, मुठीएवढे, मैद्याच्या पारीचे, आत डुकराचा खिमा आणि टोफू ठासून भरलेला. मी दक्षिणेकडची, आमच्या हाताला ती चव येत नाही, असं त्यांचं ठाम मत. मी कशाला वाद घालू?

तो दिवस शाळेच्या मेळाव्याचा असे. आताच्या उत्तर कोरियातल्या प्योंगान प्रांतातली मिशनची मुलींची शाळा. सत्तेचाळीस साली ती बंद पडली, देशाचे दोन तुकडे झाल्यावर सीमेपलीकडे राहिली, आणि तिथं परत जाणं कुणाच्याच नशिबी आलं नाही. म्हणून तिथल्या मुली इथं दक्षिणेत, देगूत, टेकडीवरच्या मिशनऱ्यांच्या जुन्या लाल घरात जमत. घर त्याच मिशननं बांधलेलं, विटा शाळेसारख्याच, वर कौलंही तशीच. आता तिथं संग्रहालय आहे. त्याच्या व्हरांड्यात बसून या बायका प्रार्थना करत, रडत आणि भरपूर खात.

आमच्याकडे धाकट्यानं वाढायचं, थोरल्यांनी बसून खायचं. सासूबाई शेवटच्या तुकडीच्या. त्यांच्यामागून तुकडी आलीच नाही, त्यामुळे त्यांची धाकटेपणातून सुटका झाली नाही. एकोणऐंशीव्या वर्षीही "शेंडेफळ, चहा आण", "शेंडेफळ, माझा चष्मा बघ" चालूच. घरी मला नाचवणारी बाई तिथं बाह्या सरसावून धावायची. मला बघायला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दोघीच उरल्या होत्या, सासूबाई आणि त्र्याऐंशी वर्षांच्या प्यो क्येसुन. संग्रहालयातल्या बाईंनी आधीच फोन केला होता. शाळेतल्या मुलींची नावं तुकडीवार लिहून घ्यायची होती, भिंतीवर दगडी पाटी लागणार होती.

गाडीत सासूबाई मांडूंचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टेकडी दिसायला लागली तशा म्हणाल्या, "माझं नाव पाटीवर नको."

"का बरं आई? आता रुसायला काय झालं?"

"मी त्या शाळेत एक दिवसही बसले नाही."

मी गाडी कडेला घेतली.

"प्रवेशपरीक्षा चर्चमध्ये झाली. मी पास झाले. आईनं शाळेचा काळा घागरा शिवला, वाढतं अंग म्हणून चार बोटं आत दुमडून. शाळा उघडायच्या आठवड्यातच फाटकाला कुलूप लागलं. मग आम्ही दक्षिणेला आलो. युद्धात पुसानला होते तेव्हा चर्चच्या दारावर चिठ्ठी दिसली, आपल्या शाळेच्या मुलींनी भेटावं म्हणून. गेले. त्यांनी 'ही आपली धाकटी' म्हणून मला कवटाळलं. मग सांगायचं राहून गेलं."

"एकसष्ट वर्षं?"

"तू गाडी चालव."

मला आधी हसू आलं, मग त्यांची फार कीव आली. दगडावर आपलं नाव असावं म्हणून त्यांचा जीव किती तुटत होता, ते मला दिसत होतं. आणि खोटं नाव मिशनऱ्यांच्या घराच्या भिंतीवर त्यांना चालणार नव्हतं.

व्हरांड्यात क्येसुनबाई नावं सांगत होत्या, प्रत्येकीला एकेक टोमणा मारून. ही घोरायची, हिनं सरांना प्रेमपत्र लिहिलं. मग म्हणाल्या, "शेवटची तुकडी. थाक शिनोक."

सासूबाईंनी चहाची किटली खाली ठेवली. "ताई, ते नाव नको." आणि मला सांगितलेलं सगळं उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

क्येसुनबाईंनी तोंडातला मांडू संपवला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"निकालाची यादी मीच लिहिली होती. अक्षर बरं म्हणून बसवलं होतं मला. पस्तीस नावं, तू सतरावी. फाटकाला मीच डकवली. तुमचा वर्ग भरला नाही, हे मला ठाऊक नसणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर दक्षिणेला आलेल्यांत धाकटी मी ठरले असते. चहा कुणी केला असता, माझ्या आजीनं?" त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "शाळा माझ्यावर येऊन संपली, हे मला सोसवत नव्हतं गं. तू पुसानला दारात उभी राहिलीस, तेव्हा वाटलं, आमच्यामागून कुणीतरी आलंय." मग त्या संग्रहालयाच्या बाईंकडे वळल्या. "लिहा हो तुम्ही. थाक शिनोक."

सासूबाई मटकन खाली बसल्या. थोरल्यांचं खाणं उरकण्याआधी बसलेल्या मी त्यांना तिथं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं या बाईला शाळेबद्दल एक अक्षर विचारता आलं नव्हतं. न पाहिलेल्या शिक्षिकांच्या आठवणीनं रडायचं, न कळलेल्या गमतीला हसायचं.

आता त्या विचारायला लागल्या. "ताई, आमचा वर्ग कुठं भरला असता?"

"खाली, उजव्या हाताला."

"खिडकीतून काय दिसायचं?"

"नदी. पलीकडे नासपतीची बाग. पण खिडकी थोरल्यांची हं, आणि शेगडीजवळची जागाही."

"मग मी कुठं बसले असते?"

"नव्या मुली दाराशी. सगळा वारा तिथून आत. बोटं अशी गारठायची की लेखणी धरवायची नाही."

"चालेल," सासूबाई म्हणाल्या. "दाराशी चालेल मला."