फुल स्क्रीनच्या आड आई

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी ऑफिसात सांगून तीन महिने घरून काम करायची परवानगी घेतली. नाहूरला आमचा वन बीएचके. आई बेडरूममध्ये आणि मी हॉलमध्ये, कॉम्प्युटरसमोर. माझं काम इमारतींचे नकाशे तपासायचं. बारीक रेघा नीट दिसाव्यात म्हणून नकाशा मी नेहमी फुल स्क्रीन करते. मग घड्याळ, मेल, बाकी सगळं त्याखाली जातं.

डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, वॉकर असला तरी एकटीने उठायचं नाही. पण आईने सगळी नोकरी शाळेत शिपाई म्हणून केली. दुसऱ्यांच्या हाकेला धावायची सवय. स्वतः कुणाला हाक मारायची तिला माहीतच नाही. म्हणून मी जुना मोबाइल कपाटावर ठेवला, कॅमेरा तिच्या पलंगाकडे केला आणि ते चित्र माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात छोट्या खिडकीत उघडून ठेवलं. तिला विचारलं, तर म्हणाली, "ठेव बाई, तुला बरं वाटत असेल तर."

नकाशा फुल स्क्रीन केला की ती खिडकीही खाली जायची. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अधूनमधून बाहेर येऊन बघायचं, एवढंच ठरवलं होतं.

एका दुपारी आमच्या सरांचा फोन आला. ड्रेनेजच्या पाइपांवरून त्यांचं आणि माझं बराच वेळ चाललं. फोन ठेवून मी फुल स्क्रीनमधून बाहेर आले, तर कोपऱ्यात रिकामा पलंग.

धावत गेले. आई पलंगाला पाठ टेकून खाली फरशीवर बसली होती. वॉकर आडवा पडलेला.

"आई! लागलं का?"

"नाही गं. बाथरूमला निघाले होते, हा सरकला. मी हळूच खाली बसले."

"कधीची बसलीयेस?"

"असेल थोडा वेळ."

"हाक मारायची ना!"

"तू फोनवर बोलत होतीस ना."

तिला धरून उठवलं आणि पलंगावर बसवलं. फरशीवर बसून तिचे पाय गार पडले होते. डॉक्टरांना फोन केला, एक्स-रे काढून आणला. सुदैवाने काही झालेलं नव्हतं. पण ती भिंतीपलीकडे बसून होती आणि मी पाइपांचा उतार मोजत होते, हे काही केल्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या, बोरिवलीला राहणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. कॉम्प्युटरचं तिला बरंच कळतं.

"ती छोटी खिडकी 'सगळ्यांच्या वर' करून ठेव ना," ती म्हणाली.

"केलं गं. फुल स्क्रीन तिच्याही वर चढतो."

"मग नकाशालाच आवर. खिडक्यांचे नियम असतात बघ सेटिंगमध्ये. या प्रोग्रॅमने फुल स्क्रीन मागितला तरी द्यायचा नाही, असा नियम कर. नुसता मोठा होऊ दे, वरची पट्टी काढून टाक. दिसेल तसाच, पण कुणाच्या डोक्यावर बसणार नाही."

दोनदा चुकलं. एकदा तर नकाशाच गायब झाला. तिसऱ्यांदा जमलं. नकाशा कडेपासून कडेपर्यंत आणि उजवीकडे वर, जिन्याच्या रेघांवर, आई पेपर वाचत पडलेली. मैत्रिणीला "झकास!" एवढाच मेसेज केला.

आठवड्याभराने मला सोबत घेऊन, वॉकर टेकत टेकत, आई पहिल्यांदा हॉलमध्ये बसायला आली. खुर्चीत बसली आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

"हा माझाच पलंग ना?"

"हो."

"एवढं स्पष्ट दिसतं? मी साडी बदलते ते पण?"

खरंच दिसत होतं. मी नजर वळवायचे, पण ते तिला कसं सांगणार?

"मी काय चोर आहे का गं?" ती रागावली नव्हती, पण तिचं तोंड उतरलं. "आणि तुझे साहेब? त्यांनाही दिसते मी?"

"नाही आई. त्यांना फक्त नकाशा दिसतो."

तरी त्या दिवशी तिने मोबाइलवर रुमाल टाकायला लावला. मीही टाकला. रात्री जेवताना पुन्हा तो विषय काढला आणि दोघींनी मिळून ठरवलं. मोबाइल कपाटावरून काढून खाली स्टुलावर ठेवला. आता पलंगाशेजारची हातभर फरशी आणि वॉकरचे पाय, एवढंच दिसायचं. आईने पाय खाली ठेवले की मला कळणार. ती अंथरुणात काय करते, ते तिचं ती बघेल.

पुढे एकदा मीटिंगमध्ये चुकून माझी पूर्ण स्क्रीन सगळ्यांना दिसली. सरांनी विचारलं, "हे कोपऱ्यात काय आहे? फ्लोअरिंगचं सॅम्पल?"

"नाही सर, घर आहे माझं," मी म्हटलं.

त्याच वेळी फरशीवर दोन पाय उतरले आणि आतून खणखणीत आवाज आला, "अगं ए, दिसले का पाय? ये मग!"

सर म्हणाले, "जा जा, आधी बघून या." मी माइक बंद केला आणि उठले.