जाणवलं तरच दाबा

पायांची आग सुरू झाली तेव्हा मी बोईसरच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते, पालघरजवळच्या माहीमहून रोज जाऊन-येऊन. वर्गात दोन तास उभं राहिलं की तळव्यांना तिखट चोळल्यासारखं व्हायचं. घरी अंगावरची चादरही पायांना सोसेना. वरून पाय धडधाकट. ना सूज, ना जखम.

"चालतेस तर बरी. दिसत तर काय नाय," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या.

पालघरच्या डॉक्टरांनी विजेचे झटके देऊन नसा तपासल्या. सगळं नॉर्मल. "मनावर घेऊ नका, झोपेची गोळी लिहून देतो." नवऱ्याने मान डोलावली. मी चिठ्ठी उचललीच नाही.

"पाय जळतात म्हणून झोप येत नाही, डॉक्टर. पायांचं बोला."

त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, विजेच्या तपासणीत जाड नसाच कळतात. गरम, गार, दुखणं हे बारीक नसांचं काम, त्यांची तपासणी वेगळी.

पावलावर धातूची छोटी पट्टी बांधली. ती हळूहळू गरम होणार, मग गार. जाणवलं की बटण दाबायचं. आधी हातावर झालं, तिथे मी लगेच दाबलं. पावलावर मात्र वाट बघत राहिले. एवढी आग होते, तर ऊब चटकन कळेल असं मला वाटलं होतं.

"अगं, दाब की," नवरा कुजबुजला.

"कळलंच नाही तर काय दाबू?"

तपासणाऱ्या मुलीने त्याला बाहेर बसवलं. पट्टी बरीच तापली तेव्हा कुठे पावलांना पत्ता लागला. पुढे घोट्यावरच्या कातडीचा कणभर तुकडा काढून तपासला. त्यातही बारीक नसा विरळ झालेल्या दिसल्या. कारण अजून सापडलेलं नाही.

परतताना नवरा म्हणाला, "इतके महिने मी तुला..." आणि थांबला. मी त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

मुख्याध्यापकांना रिपोर्ट दाखवून खुर्ची मागितली. "बसून शिकवलंत तर पालक काय म्हणतील, बाई?"

"त्यांना माझ्याकडे पाठवा." त्यांच्याच ऑफिसातली खुर्ची उचलून मी वर्गात नेली.

गोळ्यांनी आग कमी झाली, गेलेली नाही. पालक कुणी आले नाहीत. मागे शाळेच्या तपासणीला साहेब आले, सगळा वर्ग उभा राहिला. मी बसूनच नमस्कार केला आणि अपूर्णांक पुढे चालू ठेवले.